लहरी क्रिस्टल

१९७० च्या दशकातील अमेरिकन रेडिओ स्कॅनरमध्ये प्रत्येक वाहिनीसाठी तिची कंपनसंख्या ठरवणारा क्वार्ट्‌झचा स्वतंत्र क्रिस्टल विकत घ्यावा लागे. पोलिसांचा एक, अग्निशमन दलाचा एक, हवामानाचा एक, असे मानकरी आपापल्या खाचांत बसवले की समोरचे लाल दिवे ओळीने धावू लागत आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबत. असा आठ वाहिन्यांचा एक स्कॅनर न्यू जर्सीतील आमच्या तळघरात आहे आणि त्याचे आठही मानकरी सध्या रुसलेले आहेत.

रुसण्याचे कारण शास्त्रीय आहे. क्रिस्टलच्या बंद डबीतला सूक्ष्म मळ आतल्या क्वार्ट्‌झच्या चकतीवर बसला की तिचे वजन वाढून कंपनसंख्या उतरते. उलट चकतीला धरणाऱ्या आधारांतील ताण वर्षानुवर्षे सैलावला की ती बहुधा चढते. कोणी चढायचे आणि कोणी उतरायचे, हे ज्याचे तो ठरवतो. दशलक्षात वीस भागांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु न्यूयॉर्कचे हवामान केंद्र १६२.५५० मेगाहर्ट्‌झवर बोलते आणि तिथे तेवढ्याने सव्वातीन किलोहर्ट्‌झचा घोळ होतो. मग निवेदकाच्या आवाजाला अशी खरखर येते की उद्या पाऊस आहे, की हा गृहस्थच पावसात उभा राहून बोलतो आहे, याचा उलगडा होत नाही.

नवा क्रिस्टल घडवून घ्यावा, तर ओक्लाहोमा सिटीतील इंटरनॅशनल क्रिस्टल मॅन्युफॅक्चरिंग हा या कामातला नामांकित कारखाना २०१७ सालीच बंद झाला. तेव्हा उरते ती जुन्याचीच मनधरणी. क्रिस्टलला एक चिमुकला ट्रिमर, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर, जोडायचा आणि प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने तो केसभर फिरवायचा, कारण लोखंडी स्क्रूड्रायव्हर नुसता जवळ नेला तरी कंपनसंख्या हलते. ती मोजावी म्हणून काउंटरची तार लावली, तर त्या तारेच्या काही पिकोफॅरडांच्या, म्हणजे अगदी नाममात्र, कपॅसिटन्सनेही ती हलते. पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला उभे केलेल्या मुलासारखी तिची अवस्था होते. एवढे करून आवाज स्वच्छ झाला आणि समाधानाने झाकण लावले, की आतली हवा तापते आणि खरखर परत येते.

वास्तविक या चकत्या स्फटिकातून सुमारे ३५ अंश १५ मिनिटांच्या कोनात कापतात, ते खोलीच्या तापमानाला त्यांनी स्थिर राहावे म्हणूनच. आमच्या तळघराला खोली म्हणावे की नाही, याबद्दल त्यांचे मत वेगळे असावे. जानेवारीत तर सौभाग्यवतींचा हेअर ड्रायर आणून क्रिस्टलवर धरावा लागतो. बाहेर किती थंडी आहे हे ज्याने सांगायचे, त्याला ते सांगता यावे म्हणून आधी आपण ऊब द्यायची, हा प्रकार त्यांनी दारात उभे राहून पाहिला आणि खिशातला फोन काढून तापमान वाचून दाखवले. अशा वेळी ड्रायरचा आवाज मोठा असतो, हे त्यातल्या त्यात बरे.

आता घरात एक वेळापत्रक ठरले आहे. सकाळी यंत्र गार असताना अग्निशमन दल स्पष्ट ऐकू येते. अर्ध्या तासाने ते तापले की अग्निशमन दल घोगरे होत जाते आणि हवामान केंद्राला कंठ फुटतो. त्यामुळे आमच्या गावात कुठे आग लागायचीच असेल, तर ती चहापूर्वी लागावी आणि वादळाने मात्र चहा होईपर्यंत दम धरावा, एवढीच माझी विनंती आहे.