चिखल : प्रमाण 1/35

प्लॅस्टिकचा रणगाडा करण्याच्या उद्योगात सर्वांत अवघड काम जोडण्याचे नसते आणि रंगवण्याचेही नसते. ते मळवण्याचे असते. कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा चकचकीत दिसणारा रणगाडा या छंदातली माणसे खेळण्यात जमा करतात. चाकांत चिखल, कडांवर खरचटे आणि धुराड्यावर गंज दिसला, तरच त्याला मॉडेल म्हणायचे, असा त्यांचा दंडक आहे. आता 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला नंबर पटकावणाऱ्या इंदूर शहरात राहून, आणि त्यातही चहाचा कप बशीशिवाय टेकवला तर जाब विचारला जाणाऱ्या माझ्या घरात राहून, एखादी वस्तू पैसे खर्चून, मन लावून, टप्प्याटप्प्याने घाण करणे हा काय प्रकार असतो, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

या सगळ्याचे मूळ माझ्या सासुरवाडीत आहे. सासुरवाडी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. गावाचे नाव बदलल्यापासून ‘शेवटी आमच्या देवी अहिल्याबाईंच्या नावाला शरण आलात’ असे मी मेहुण्यांना ऐकवतो, आणि ‘दाजी, त्या मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, चौंडीच्या, लेक आमची, तुमच्याकडे फक्त नांदली’ असे ते मला ऐकवतात. हा वाद दर भेटीत होतो आणि चहा आला की मिटतो. अशाच एका मिटलेल्या वादानंतर ते मला तिथले रणगाडा संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला असल्यामुळे 1994 मध्ये हे संग्रहालय तिथेच उभे राहिले, आणि रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून 1965 च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत किती तरी धुडे तिथे मांडून ठेवलेली आहेत. पत्नी आणि वहिनी सावली बघून बसल्या. मी एकेका रणगाड्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिलो, आणि इंदूरला परतताना बसमध्येच मोबाइलवरून स्टुअर्ट या अमेरिकन रणगाड्याचा, सुटे भाग जोडून करायचा संच मागवून मोकळा झालो.

स्टुअर्ट निवडण्याची कारणे दोन. सांगण्यासारखे कारण असे की, 1 नोव्हेंबर 1948 रोजी मेजर जनरल थिमय्या यांच्या योजनेनुसार 7 लाइट कॅव्हलरी या आपल्या पलटणीचे स्टुअर्ट रणगाडे लडाखच्या वाटेवरच्या जोजिला खिंडीत शिरले. साडेतीन हजार मीटर उंचीवर, बर्फात, रणगाडे येऊ शकतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. बालतालपासून वर जाणारी पायवाट मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या जवानांनी रुंद करून दिली होती, आणि गुप्तता राखण्यासाठी हे रणगाडे टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, उतरवून, झाकून काश्मीरमध्ये आणले होते. खरे रणगाडेही सुटे करून नेता येतात आणि जागेवर जाऊन पुन्हा जोडता येतात, या माहितीने मला मोठा धीर आला. न सांगण्यासारखे कारण असे की, स्टुअर्टला एका बाजूला चारच मुख्य चाके असतात. जर्मन पँथर रणगाड्याच्या एकात एक अडकवलेल्या चाकांच्या रांगा चित्रात पाहिल्या तेव्हाच मी दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उतरायचे ठरवले होते.

पँथरचा विषय निघालाच आहे तर 1/35 या प्रमाणाचा उगमही सांगून टाकतो. तामिया या जपानी कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस पँथरचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि सेल मावले पाहिजेत या हिशेबाने रणगाड्याचा आकार ठरला, आणि नंतर मोजून पाहिले तेव्हा तो खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरला. त्या सेलांच्या सोयीसाठी ठरलेल्या मापाने आज जगभर रणगाडे होतात. या मापात खऱ्या पंधरा टनी स्टुअर्टची लांबी सुमारे 14 सेंटिमीटर होते, सहा फुटी जवान जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो, आणि वाळूचा एक मिलिमीटरचा कण साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. हा शेवटचा हिशेब लक्षात ठेवावा. त्याने मला पुढे फार छळले.

जोडणीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिचे बरेचसे नकाशात दिलेले असते. सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. निपरने, म्हणजे कापायच्या बारीक पकडीने, पहिला काप भागापासून दूर घ्यायचा, दुसरा जवळ, आणि उरलेला टवका बारीक पॉलिश पेपरने घासून काढायचा. चिकटवायचे द्रावण पाण्यासारखे पातळ असते. ते प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भागांना एकजीव करते, त्यामुळे जोडलेला भाग आणि लागलेले बोट यांत ते भेदभाव करत नाही. वास असा की आई आतल्या खोलीतून विचारे, ‘कोण रे नखं रंगवतंय?’ तिचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. रंगासाठी लागणारे तीन शून्याचे, म्हणजे अगदी बारीक, ब्रश इंदुरात कुठेही न मिळता अखेर नेल-आर्टचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाले होते, आणि दुकानदाराने ‘भाभीजी के लिए?’ असे विचारल्यावर मी मान डोलावून वेळ मारून नेली होती. संचात चिकटवण्यासाठी आलेले अमेरिकन पांढरे तारे आमच्या भारतीय रणगाड्याला नको होते. ते भाचीने कोमट पाण्यात भिजवून स्वतःच्या नखांवर लावले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मला रणगाड्यावर साधली असती त्यापेक्षा कितीतरी सफाईने लावले.

शॅकलची हकीकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. रणगाडा ओढून नेण्यासाठी पुढच्या बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखी एक कडी असते. 1/35 मध्ये ती मोहरीच्या दोन दाण्यांएवढी होते. ती चिमट्यात धरली, चिमटा किंचित जास्त दाबला, ‘टिक्’ असा आवाज झाला आणि शॅकल इहलोक सोडून गेली. अशा वेळी जागचे हलायचे नसते. खोलीतले दिवे मालवून टॉर्च फरशीवर आडवी धरायची, म्हणजे कणाकणाची सावली लांब पडते, ते केले. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला पातळ मोजा ताणून बसवायचा आणि कानाकोपरा ओढून काढायचा, म्हणजे जे सापडेल ते मोज्यावर अडकते, तेही केले. मोज्यावर एक टिकली, शेवेचा एक तुकडा आणि पत्नीच्या सोन्याच्या कुड्यांची दिवाळीपासून हरवलेली फिरकी आली. फिरकीसाठी तेव्हा सोफा उलटा झाला होता आणि आमच्या घराण्याच्या वेंधळेपणावर बरेच बोलणे झाले होते. ती फिरकी तळहातावर ठेवून पत्नी किती तरी वेळ पाहत राहिली. ‘आणखी काही उडालं तर सांगा हं,’ असे ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्या टेबलाला घरात अधिकृत मान्यता मिळाली. शॅकल अद्याप बेपत्ता आहे. तिच्या जागी मी तांब्याची तार वाकवून बसवली.

रंगाच्या बाबतीत घरातल्या प्रत्येकाला मत होते. ऑलिव्ह ड्रॅब हा अमेरिकन फौजेचा रंग पिवळ्या मातीत काळा मिसळून तयार होतो, त्यात हिरवा रंग नसतोच, हे मी समजावून सांगितले तरी आई त्याला मेंदी म्हणाली, भाची शेवाळी म्हणाली आणि पत्नीने तो शिळ्या पालकाचा आहे असा निर्णय दिला. शिवाय डबीतला रंग जसाच्या तसा वापरता येत नाही. लहान वस्तूवर तो आहे त्याहून काळपट दिसतो, म्हणून थोडा उजळवून घ्यावा लागतो. हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या एअरब्रशसाठी घेतलेला छोटा कॉम्प्रेसर गॅलरीत सुरू झाला की शेजारचे काका कठड्यावरून वाकून ‘पंक्चर काढून मिळेल का?’ असे विचारत. नंतर ते स्वतःच खुर्ची घेऊन येऊ लागले. स्टुअर्टच्या या एम-5 जातीत कॅडिलॅक मोटारीची दोन व्ही-8 इंजिने बसवलेली होती हे कळल्यावर त्यांचा आदर एकदम वाढला, आणि ‘ॲव्हरेज काय द्यायचा?’ हा अस्सल भारतीय प्रश्न त्यांनी विचारला. याच काळात मी रणगाड्याच्या पोटाखालचे बोल्टसुद्धा एकेक करून रंगवले. ‘अहो, हे दिसणार कुणाला?’ असे पत्नीने विचारले. ज्यांना कळते ते मॉडेल उलटे करून बघतात, असे मी सांगितले. आमच्या घरी असा माणूस अजून आलेला नाही.

आणि मग तो टप्पा आला. आधी तपकिरी तैलरंग खूप पातळ करून बोल्टांच्या भोवती सोडायचा, म्हणजे तो आपोआप खाचांमधून पळत जाऊन सावलीसारखा बसतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा, म्हणजे धातू घासल्यासारखा दिसतो. स्पंजाच्या तुकड्याने रंग उडाल्याचे ठिपके द्यायचे. एवढे निभावले. उरला चिखल. माती कुंडीतली घेतली आणि वाळवली, पण चाळायची कशाने? एक मिलिमीटरचा कण राहिला तर रणगाड्यावर धोंडा बसलेला दिसणार. मैद्याची चाळणी मागितली, नकार मिळाला. श्रीखंडाचा चक्का टांगायचे फडके मागितले, तेव्हा मिळालेला नकार शेजारच्या काकांनाही ऐकू गेला. अखेर माझ्या रुमालातून गाळलेली माती मॅट व्हार्निशमध्ये कालवली. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो, त्यामुळे प्लॅस्टिकच्या चौकटी एका पेटीत, थिनरची फडकी घातक कचऱ्यात, इथवर माझी प्रगती झाली होती. पण उरलेल्या चिखलाचा डबा पाहून कचरागाडीवरच्या मुलाने ‘अंकल, इसमें क्या है?’ असे विचारले, आणि ‘जोजिला’ हे उत्तर त्याच्या यादीत नव्हते.

ट्रॅकवर, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्यांवर, चिखल चढला. मी रणगाडा अभिमानाने दिवाणखान्यात आणून ठेवला आणि घरकामाला येणाऱ्या मावशी त्यावर फडके मारतील या भीतीने बाजूलाच बसून राहिलो. मावशी आल्या. त्यांनी फडके खांद्यावर टाकले, कमरेवर हात ठेवले आणि रणगाडा निरखून पाहिला. ‘भैया, ऐसा कीचड़ कहाँ होता है?’ त्या मूळच्या देवासकडच्या, काळ्या मातीच्या गावातल्या. लहानपणापासून ट्रॅक्टर बघितलेल्या. चिखल असा सगळीकडे सारखा लागत नाही, हे त्यांनी मला उभ्याउभ्या शिकवले. चाकाच्या आत तो दाबून बसतो आणि ओला, काळा राहतो. बाहेरच्या कडेवर वाळून फिका पडतो. वरच्या पत्र्यावर शिंतोडे उडतात, तेही मागे झुकलेले, कारण गाडी पुढे जात असते. जोजिलात काळी माती नसून खडकाची करडी भुकटी आणि बर्फ असणार, असा मुद्दा मी मांडून पाहिला. रंग कोणताही घ्या, उडतो तसाच, असे म्हणून त्यांनी मुद्दा निकालात काढला. मी करडा रंग घेतला आणि शिंतोडे त्यांनी सांगितले तसे, ब्रशच्या केसांवर काडी ओढून, मागे झुकते उडवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिले आणि ‘अब चला है’ असे म्हणाल्या. पुढे त्यांनी टेबल पुसले, खाली पुसले, शोकेसची काच पुसली, पण रणगाड्याला हात लावला नाही.

शोकेसमध्ये जागा मिळाली ती वर्तमानपत्राचा कागद अंथरण्याच्या अटीवर. मेहुण्यांना फोटो पाठवले, तर त्यांनी कौतुक म्हणून सेंच्युरियन रणगाड्याचा संच धाडून दिला. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाके, प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे एकंदर चोवीस तबकड्या कापायच्या, घासायच्या आणि रंगवायच्या, असा हिशेब मांडून मी हताश होऊन बसलो होतो. पत्नीने खोक्यावरचे चित्र हातात घेतले, चष्मा लावला आणि रणगाड्याच्या बाजूला लावलेल्या लांबलचक चिलखती पत्र्यांवर बोट ठेवले.

‘अहो, पण चाकं तर या पत्र्यांनी झाकलेली आहेत. पत्रे तेवढे रंगवा आणि खालून भरपूर चिखल लावा. मावशींना विचारते मी किती लावायचा ते.’