‘क्रिएटेड’ तारखेवरून कोणाला खोटं ठरवू नका

सोसायट्यांच्या, शाळांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: ‘कागद खरा की बनावट, हे ओळखायचंय? फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. क्रिएटेड म्हणजे फाइल तयार केली तो दिवस. अ‍ॅक्सेस्ड म्हणजे कोणीतरी ती शेवटची उघडली ती वेळ. या तारखा कॉम्प्युटर स्वतः टाकतो, त्यात लबाडी होऊच शकत नाही.’

याच मेसेजच्या जोरावर आमच्या सोसायटीच्या सचिवांवर बनावट इतिवृत्ताचा आळ आला. सभा मार्चमधली आणि फाइलवर क्रिएटेड १७ ऑगस्ट. म्हणजे मागाहून लिहिलं, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्याच्याच खालच्या ओळीत मॉडिफाइड, म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, २४ मार्च होती. तयार होण्याआधी जवळजवळ पाच महिने फाइल बदलली कशी, हे कोणीच विचारलं नाही. सचिवांनी ऑगस्टमध्ये नवा लॅपटॉप घेतला होता आणि जुन्या फाइली पेनड्राइव्हवरून त्यात कॉपी केल्या होत्या, एवढंच घडलं होतं.

विंडोजमधली क्रिएटेड तारीख मजकुराची नसते, ती प्रत त्या डिस्कवर कधी आली याची असते. कॉपी केली की क्रिएटेड नवी पडते, मॉडिफाइड जुनीच राहते. त्याच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, तर दोन्ही तशाच राहतात. याच्या उलटही होतं. फाइल डिलीट करून साधारण १५ सेकंदांच्या आत त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची नवी फाइल केली, तर विंडोज तिला जुन्या फाइलचीच क्रिएटेड तारीख देतो. सेव्ह करताना काही प्रोग्राम जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवतात, त्यांच्यासाठी केलेली ही सोय आहे. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर फाइलची ‘सीटाइम’ नावाची वेळ असते, तिच्यातला सी तर क्रिएटचा नाहीच, चेंजचा आहे. फाइलच्या परवानग्या बदलल्या तरी ती वेळ बदलते.

अ‍ॅक्सेस्डवर तर अजिबात विसंबू नये. फाइल नुसती वाचली तरी डिस्कवर नोंद लिहायची, हे काम जड पडतं. म्हणून विंडोज व्हिस्टापासून ही नोंद डीफॉल्टने बंद होती. पुढच्या आवृत्त्यांत ती कुठे चालू, कुठे बंद असते. लिनक्समध्ये २००९पासून ती सहसा दिवसातून एखाददा होते. जिथे चालू असते तिथे बॅकअपचा प्रोग्रामही ती बदलू शकतो. त्यामुळे ‘तू परवा फाइल उघडलीस’ हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि ‘उघडलीच नाहीस’ हेही नाही.

राहिली लबाडी. लिनक्स किंवा मॅकवर ‘टच’ या कमांडने स्वतःच्या फाइलला हवी ती मॉडिफाइड तारीख एका ओळीत देता येते. त्यानंतर मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, काढा, तो आधीचाच येतो, कारण ही तारीख मजकुरात नसतेच, डिस्कवरच्या फाइलींची यादी ठेवणाऱ्या फाइल सिस्टीमच्या नोंदीत असते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश मागितला जातो. तो प्रत बदललेली नाही एवढं दाखवतो. तारखेची हमी त्यातून मिळत नाही.

वेळेचा घोळ वेगळाच. विंडोजच्या डिस्कवर सहसा असणारी एनटीएफएस ही फाइल सिस्टीम वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवते, १ जानेवारी १६०१पासून मोजून. फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टीमच्या पेनड्राइव्हवर मात्र स्थानिक घड्याळाची वेळ पडते, आणि मॉडिफाइडची तर दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी. मुंबईत संध्याकाळी ६ वाजता सेव्ह केलेली एनटीएफएसवरची फाइल हिवाळ्यात लंडनला दुपारी १२:३०ची दिसते, पेनड्राइव्हवरची ६चीच.

मॉडिफाइड तारखेनेही आमचा वाद मिटला नसता, आणि ते योग्यच होतं. तो मिटला सचिवांनी २५ मार्चला सगळ्या सभासदांना पाठवलेल्या ईमेलमुळे. इतिवृत्त त्याला जोडलेलं होतं, आणि आरोप करणाऱ्यांच्या इनबॉक्समध्येही ते तेव्हापासून पडून होतं. पुढच्या निवडणुकीत सचिवांनी मात्र अर्ज भरला नाही.