बाळ दूध टाकतं म्हणून आईचं दूध तोडू नका

बाळंतिणींच्या आणि आज्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरत असतो. त्याचं सार असं: बाळ वरचेवर दूध टाकत असेल तर आईचं दूध त्याला बाधतंय. बाहेर पडणारं दूध फाटलेलं दिसतं, हा त्याचा पुरावा. म्हणून अंगावरचं बंद करून डब्याचं सुरू करा, बाळाला पालथं झोपवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, ग्राइप वॉटर आणि मधातली घुटी चालू ठेवा, आईने डाळी-कोबी सोडावा. पाठवणाऱ्यांच्या मनात बाळाची काळजीच असते. पण यातला जवळपास प्रत्येक सल्ला चुकीचा आहे, आणि पालथं झोपवणं व मध हे दोन तर जिवावर बेतू शकतात.

आधी तो 'पुरावा' बघू. पोटात गेलेलं दूध फाटायलाच हवं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसंच जठरातल्या आम्लाने आणि पाचक रसाने त्याच्या गुठळ्या होतात, पचनाची सुरुवात तिथेच होते. पाजल्यावर लगेच बाहेर आलं तर ते पांढरं आणि पातळ दिसतं, अर्ध्या-पाऊण तासाने आलं तर दह्यासारखं आणि आंबूस. डब्याचं दूधही बाळाच्या पोटात असंच फाटतं. आईच्या छातीत दूध नासत नाही. 'नासलंय, पिळून फेकून दे' असं सांगून चांगला पान्हा असलेल्या बाईला मोरीत दूध पिळायला लावतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मग दूध वर येतं कशामुळे? अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू तान्ह्या बाळात अजून पक्का झालेला नसतो, मधूनमधून आपोआप सैल पडतो. अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ, आणि बाळ दिवसाचा बराच वेळ आडवं. चौथ्या महिन्याच्या सुमारास साधारण दोन तृतीयांश बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. वर्षाची होईपर्यंत विसातलं एखादंच टाकतं, कारण तोवर ती बसू लागतात, घट्ट अन्न खाऊ लागतात आणि तो स्नायूही बळकट होतो.

त्यात डब्याच्या दुधाची मदत काय? आईचं दूध जठरातून लवकर पुढे सरकतं, पावडरचं जास्त वेळ रेंगाळतं. शिवाय बाटलीने पाजताना 'एवढं संपव' म्हणून भुकेपेक्षा जास्त दूध पोटात जातं, आणि जास्तीचं बाहेर येतं. आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे. कंपनीला जे छापता येत नाही, ते अशा संदेशातून फुकट घरोघर पोचतं.

बाळंतिणींना भेटायला गेले की मला एक वाक्य हमखास ऐकू येतं. एका घरी आजींनी ओल्या दुपट्यांचा ढीग पुढे केला. "अहो ताई, पितो ते सगळं बाहेर काढतो बघा." मी वाटीभर पाणी मागितलं आणि कोरड्या दुपट्यावर दोन लहान चमचे ओतले, म्हणजे 10 मिली. बघता बघता तळहाताहून मोठा डाग पसरला. आजींनी सकाळचं दुपटं त्याच्या शेजारी धरून पाहिलं. मग आम्ही माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं. वजनाची रेघ नीट वर चढलेली होती. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. ते वाढत असेल, बाळ दिवसात सहा-सात वेळा तरी लघवी करत असेल आणि दूध टाकूनही हसत-खेळत असेल, तर पोटात पुरेसं दूध राहतंय. तिथे धुणं वाढतं, आजार नसतो.

माझा या संदेशावर खरा राग आहे तो आईच्या मनात तो जे पेरतो त्यासाठी. 'माझंच दूध वाईट' असं वाटलं की ती कमी पाजते. कमी पाजलं की पान्हा आटतो, कारण जेवढं ओढलं जाईल तेवढंच दूध तयार होतं. आठ-दहा दिवसांत बाळ भुकेने रडू लागतं, आणि तेच लोक म्हणतात, "बघ, तुझं दूध पुरतच नाही."

आता पालथं झोपवण्याबद्दल. एके काळी युरोप-अमेरिकेतले डॉक्टरसुद्धा उलटीच्या भीतीने हाच सल्ला देत. पालथी झोपणारी बाळं झोपेत अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त आहे हे लक्षात आल्यावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका इथे 'बाळाला उताणं झोपवा' असं सांगायला सुरुवात झाली. अमेरिकेत त्या दशकात असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि उलटी घशात अडकून दगावणारी बाळं काही वाढली नाहीत. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात हे उलटं होतं. उशी देऊन किंवा गादीचं टोक उचलून उपयोग होत नाही, बाळ घसरून मान वाकते. झोळीतही हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. सपाट, टणक गादी आणि उताणं बाळ, एवढंच हवं. बाळ जागं असताना, कोणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथं घालायला काहीच हरकत नाही.

ग्राइप वॉटर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. 1851 साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते काढलं, तेव्हा त्यात चक्क अल्कोहोल होतं. आता नसतं, पण दूध वर येणं त्याने थांबत नाही. घुटीचंही तसंच. वेखंड-मुरुडशेंगेचे किती वेढे दिले यावर मात्रा ठरते, आणि सहाण धुवायचं पाणी कुठलं हेही कुणी बघत नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा, जीवघेणा आजार होऊ शकतो.

आईने डाळ खाल्ली की बाळाला वात होतो, हेही खरं नाही. वायू आईच्या आतड्यात होतो, तो दुधात उतरत नाही. बाळंतिणीला डाळ, भाजी, भाकरी सगळं हवं. एक अपवाद मात्र सांगायला हवा. काही बाळांना गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते आणि ती प्रथिनं आईच्या दुधातून थोडी येतात. बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसले, अंगावर खरजेसारखे चट्टे आले, तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही बंद करायला सांगतात. अंगावर पाजणं तेव्हाही चालूच ठेवायचं.

आम्ल कमी करणारं औषध मागून घेऊ नका. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पाजल्यानंतर रडून हैराण करणाऱ्या 162 बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल दिलं आणि निम्म्यांना औषध नसलेलं तसंच दिसणारं द्रावण. दोन्ही गटांत सारखीच, 54 टक्के बाळं सुधारली.

घरी करण्यासारखं साधं आहे. पाजताना फक्त बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा, नाहीतर ते हवा गिळतं. पान्हा जोरात येत असेल तर आईने मागे रेलून पाजावं. थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. मग खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि वीस-तीस मिनिटं उभं धरा. लंगोट सैल बांधा.

त्या संदेशात एक गोष्ट हवी होती आणि तीच नाही: दवाखाना कधी गाठायचा. उलटी हिरवी झाली तर त्याच क्षणी निघा, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत प्रत्येक वेळी चिळकांडीसारखी लांब उडणारी उलटी होत असेल आणि बाळ लगेच पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराचं पुढचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. त्यावर शस्त्रक्रियेने पूर्ण इलाज होतो. उलटीत रक्त, वजन न वाढणं, लघवी कमी होणं, ताप, फुगलेली टाळू, बाळ मलूल पडणं, पाजताना निळं पडणं, किंवा सहा महिन्यांनंतर नव्यानेच उलट्या सुरू होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका.

आणि हा संदेश वाचून कुणी आधीच दूध तोडलं असेल, तर अजून वेळ गेलेली नाही. बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, छातीशी घ्या. वरचं लागलंच तर ते वाटी-चमच्याने द्या आणि वजनावर लक्ष ठेवून हळूहळू कमी करा. आशाताई किंवा बालरोगतज्ज्ञ सोबतीला असतील तर बऱ्याच जणींचा पान्हा परत येतो.