कर्ता कोण, हे विचारू नये

अभिनंदन! शासनाचं उत्तरदायित्व आणि लोकशाही संस्थांची सचोटी, असा दमदार विषय तुम्ही संशोधनाला घेतलात. या विषयावर परिषदा भरतात, शिष्यवृत्त्या मिळतात आणि तो वाईट आहे असं उघडपणे कुणालाच म्हणता येत नाही. फक्त एक पथ्य पाळा. लहानपणी व्याकरणाच्या तासाला वाक्यातला कर्ता शोधायला शिकवलं होतं, ते विसरून जा.

मराठी या कामी मोठी उपकारक भाषा आहे. 'मंत्र्यांनी निधी वळवला' असं लिहिलंत की मंत्री आले, पाठोपाठ त्यांचे वकील आले. 'निधी वळवण्यात आला' असं लिहा. निधी गुपचूप वळतो, कुणाला धक्का लागत नाही. त्याहून नामी वाक्य म्हणजे 'घोटाळा झाला'. नीट पाहा, इथे घोटाळा हाच कर्ता आहे. तो झाला, आपणहून झाला, काय विचारायचं ते त्यालाच विचारा. ज्यांना याहून जास्त सुरक्षितता हवी, त्यांच्यासाठी अकर्तृक भावे प्रयोग आहेच: उजाडलं, सांजावलं, गडगडलं. संस्था कुणी ढासळवल्या या फंदात न पडता नुसतं 'ढासळलं' म्हणावं. हवामानाचा अंदाज वाटतो. एकच शब्द जपून वापरायचा, तो म्हणजे 'कडून'. चुकून उमटलाच तर आधी तो खोडा, मग चहाला उठा.

न खोडणाऱ्यांचं काय होतं ते ग्रीसमध्ये जाऊन पाहा. २००९ सालची सरकारी तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.७ टक्के राहील, असं त्या वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं गेलं होतं ('सांगितलं गेलं होतं', बघा, जमतंय मला). २०१० मध्ये आंद्रेआस जॉर्जिऊ हे गृहस्थ सांख्यिकी संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी नियमाप्रमाणे बेरीज केली, ती १५.४ टक्के आली आणि युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने ती मान्यही केली. मग खटले सुरू झाले. आरोप असा की यांनी तूट फुगवून देशाचं नुकसान केलं. निर्दोष सुटायचं, पुन्हा प्रकरण उघडायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. अखेर २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली ती अशासाठी, की आकडा जाहीर करण्याआधी त्यांनी तो संचालक मंडळात मतदानाला ठेवला नव्हता.

तुम्ही लोकशाही संस्थांचे अभ्यासक, तेव्हा यातली खोच तुमच्या लक्षात यायला हवी. बेरीजसुद्धा बहुमताने करावी.

अर्जेंटिनाने हे काम जास्त टापटिपीने केलं. २००७ मध्ये किंमत निर्देशांकाचं काम पाहणाऱ्या बाईंना पदावरून हलवलं, आणि त्यानंतर सरकारी महागाई फार शहाण्यासारखी वागू लागली. काही खासगी अर्थतज्ज्ञ आपापली महागाई मोजत राहिले. २०११ मध्ये त्यांना पाच-पाच लाख पेसो दंड ठोठावला. तेव्हा विरोधी पक्षाच्या सदस्यांनी या तज्ज्ञांच्या आकड्यांची सरासरी काढून ती स्वतःच्या नावाने जाहीर करायला सुरुवात केली, कारण त्यांना संसदीय संरक्षण होतं. म्हणजे भाव वाढले, एवढं वाक्य बोलायला निवडून यावं लागत होतं. तुमच्याकडे मतदारसंघ नसेल तर 'भावपातळीत काही हालचाल जाणवते' इथपर्यंतच थांबा.

माहिती मागण्याच्या नादालाही लागू नका. ब्रिटनमध्ये २००० साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला आणि २००५ पासून तो लागू झाला. तो आणणारे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पुढे आठवणी लिहिताना या कायद्यापायी स्वतःलाच मूर्ख ठरवलं आहे. सत्ताधाऱ्याने स्वतःला मूर्ख म्हणावं, असे प्रसंग इतिहासात फार नाहीत, तेव्हा कारण तसंच असणार. हेदर ब्रूक या पत्रकार बाईंनी खासदारांच्या खर्चाची बिलं मागितली. २००७ मध्ये कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने स्वतःलाच त्या कायद्यातून वगळणारं विधेयक मंजूर केलं. गंमत म्हणजे वरिष्ठ सभागृहात ते मांडायला कुणी पुढेच आलं नाही. सगळीकडे असे कच्चे दुवे असतात. २००९ च्या मे महिन्यात एका वर्तमानपत्राच्या हाती सगळी बिलं लागली: गढीभोवतीच्या खंदकाची सफाई, तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर (याचे पैसे मंजूर झाले नव्हते, पण मागितले होते). कॉमन्सच्या सभापतींना पद सोडावं लागलं. असं १६९५ नंतर पहिल्यांदाच घडलं.

पण तुमच्या कामाचं पुढचं आहे. जूनमध्ये संसदेने तीच बिलं रीतसर प्रसिद्ध केली. संगणकावर पान उघडावं तर काळ्या पट्ट्याच पट्ट्या. रक्कम दिसते आणि पत्ता जिथे असायला हवा तिथे चौकोनी डांबर. आता पत्ताच झाकला, तर भत्ता मिळवायला 'दुसरं घर' म्हणून दाखवलेलं खासदाराचं घर मध्येच कसं बदललं, हे कळायचं कुठून? सामान्य माणूस यावर चिडेल. तुम्ही संशोधक आहात. पट्ट्या मोजा. त्यांची सरासरी लांबी काढा, पक्षवार वर्गीकरण करा, एक आलेख जोडा. 'पारदर्शकतेतील अपारदर्शकतेचे दृश्य आयाम' या नावाचा निबंध कुठेही छापून येईल आणि पट्टीखाली काय होतं, हे त्यात सांगावं लागणार नाही.

क्रमवाऱ्या काढणं हाही बरा उद्योग आहे, पण एक लक्षात ठेवा. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत २०१८ च्या अहवालात चीन ७८ व्या स्थानावर होता. आकड्यांना हात लागला नसता तर तो ८५ वा आला असता, असं नंतरच्या चौकशीत निघालं आणि २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला. आधी बँकेने या प्रकाराला शब्द वापरला होता 'अनियमितता'. भाववाचक नाम! आम्ही मराठीत क्रियापदं वाकवत बसलो, त्यांनी क्रियापदच काढून टाकलं.

शिफारशींवर मी फार वेळ घालवणार नाही. 'सक्षम यंत्रणा उभारण्यात यावी', 'समन्वय साधला जावा', झालं. यावी, जावा, व्हावे. शेवटचं पान विध्यर्थात गेलं की वाचणाराही आशीर्वाद मिळाल्यासारखा उठतो.

राहता राहिला ऋणनिर्देश. साडेतीनशे पानांत एवढं एकच पान असं की जिथे माणसं सापडतात, पूर्ण नावानिशी आणि हुद्द्यासह. 'मा. सचिवांनी वेळात वेळ काढून मुलाखत दिली.' पाहा, कर्ता आला, कर्म आलं, क्रियापद भूतकाळात. हे पान दोनदा तपासा, कारण अहवालातलं तेवढंच पान ते लोक वाचणार आहेत. आणि हो, त्याच्या तळाशी सवयीने तुम्ही एक ओळ लिहिली असेल: 'या अहवालात राहिलेल्या सर्व चुकांना मी स्वतः जबाबदार आहे.' उत्तरदायित्वावरच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात जबाबदारी घेणारं एकुलतं एक वाक्य, आणि तेही तुमचं! काढा ते. 'काही त्रुटी राहून गेल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं करा आणि छपाईला पाठवा. नाही, चुकलो. पाठवण्यात यावं.