५२ हजारांच्या ड्रमसेटबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. उत्तर द्यायला दोन दिवस गेले, कारण आधी सेट उघडून बघायचा होता आणि मगच बोलायचं होतं.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. लेकीसाठी एप्रिलमध्ये आमच्याकडून पाच ड्रमचा सेट घेतला, ५२ हजारांना. छोटे टॉम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात, जमिनीवर उभा राहणारा मोठा फ्लोअर टॉम कितीही पिळला तरी सुरात लागत नाही. टॉमवर काठी पडली की स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) आपोआप खरखरतो, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घुमत राहते, झांजा भांडी आपटल्यासारख्या. दुकानात फोन केला तर ‘वाजवून वाजवून होईल सेट’ असं सांगितलं. पावसाळ्यात तर आणखी बिघडला. शेवटी तुमचं म्हणणं : लाकूडच हलकं दिलं, पैसे पाण्यात गेले.

फोनवर दिलेलं उत्तर साफ चुकीचं होतं. नवा ड्रम वाजवून सुरात येत नाही, उलट उतरतो. नवीन स्किन, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचा पडदा, पहिले काही दिवस ताणली जाते आणि ठोक्यांनी ती आवळून धरणारे रॉडही सैल होत जातात. फोनवरच्या त्या मुलाला मी समोर बसवून हे समजावलंय, पण मूळ चूक त्याची नाही, माझी आहे. सेट पोचवला त्या दिवशी आमची मुलं स्टँड उभे करून, नट आवळून परत आली. लावून दिला नाही. तबला विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या हातात बेसूर तबला ठेवत नाही, समोर बसून हातोडीने गजरा ठोकत मागेल त्या पट्टीत लावून देतो. ड्रमसेटला आम्ही खोक्यातल्या मालासारखं वागवलं. याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता लाकडाबद्दल. काल दुपारी त्याच लॉटमधला दुसरा सेट उघडला आणि सगळ्या स्किन काढल्या. दुकानाच्या मागे ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा सपाट तुकडा आहे. त्यावर एकेक ड्रम पालथा घातला, आत मोबाइलचा टॉर्च ठेवला, वरून पुठ्ठा झाकला आणि दिवे बंद केले. लाकडाचा काठ दगडावर जिथे टेकतो तिथून उजेड बाहेर येतो का, एवढंच बघायचं असतं. स्किन याच काठावर बसते. काठ सपाट असेल तर ड्रम लागतो, नसेल तर जगातली कुठलीही स्किन घाला, तो लागणार नाही. मधल्या किमतीचा सेट पारखताना मी लाकडाच्या नावाआधी हेच बघतो.

१० आणि १२ इंची टॉमला कुठेही उजेड दिसला नाही. स्नेअर आणि किकही ठीक. १६ इंची फ्लोअर टॉमला मात्र एका लगजवळ (रॉड जिथे अडकतो ती खूण) दोन बोटं रुंदीत केसाएवढी रेघ उजळली. तिथे स्किन पूर्ण टेकत नाही, म्हणून त्या बाजूचा सूर बाकीच्यांशी जुळत नाही. तुमच्या मोठ्या टॉमचं दुखणं बहुतेक हेच असणार. तुमच्या घरी येऊन तपासतो. तसंच निघालं तर टॉम बदलून मिळेल, कंपनीने टाळाटाळ केली तर माझ्या खर्चाने. दुकानातला तो सेटही बाजूला काढून ठेवलाय.

बाकी चार ड्रमच्या लाकडाबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. बिलावर पॉप्लर लिहिलंय आणि आतही पॉप्लरच आहे. मेपल किंवा बर्चपेक्षा ते मऊ आणि स्वस्त असतं हे खरं. पण थर चिकटवलेलं लाकूड म्हणजे हलका माल नव्हे, महागड्या मेपलच्या बहुतेक सेटचं कवचही पातळ थर एकावर एक चिकटवूनच केलेलं असतं. पत्र्यासारखा आवाज लाकडाचा नव्हता, तो कारखान्यातून लावून आलेल्या स्किनचा होता. या किमतीत किंमत आटोक्यात ठेवायला कंपन्या सगळ्यात आधी तिथेच हात आखडतात.

हे मी नुसतं बोलत नाही. काल १२ इंची टॉमवर आधी आलेलीच स्किन लावून वाजवली. काठी मारली की आवाज ‘ऑंव’ करत वळत जायचा आणि लांबायचा. मग दोन थरांची चांगली स्किन चढवली. यांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, नेहमीच्या एकेरी स्किनला १० चा एक थर आणि या दुहेरीला ७ चे दोन. तोच टॉम, तेच लाकूड, एक गोल ‘धुम्’ आला आणि थांबला. मला स्वतःला इतका फरक अपेक्षित नव्हता.

स्किन चढवली कशी तेही लिहितो, तुमच्या लेकीला कायम उपयोगी पडेल. सगळे रॉड आधी बोटांनीच घट्ट होतील तेवढे फिरवायचे. मग चावीने अर्धा अर्धा वळसा, पण शेजारी शेजारी नाही, समोरासमोर : एक आवळला की त्याच्या बरोबर समोरचा. मग काठापासून एक इंच आत, प्रत्येक रॉडसमोर काठीचं टोक हलकं आपटून ऐकायचं. जो उतरलेला वाटेल तो चढवायचा. तबल्याचा सूर प्रत्येक घरात (गजऱ्याच्या प्रत्येक भागात) जुळवून घेतात तसंच हे काम आहे, घाईचं नाही. खालची स्किन वरच्यापेक्षा किंचित चढी ठेवा.

पावसाळ्याचा मुद्दा. ढोलकीची पुडी चामड्याची, ती दमट हवेत उतरते. ड्रमच्या स्किनही पूर्वी वासराच्या कातड्याच्या असत. रेमो या अमेरिकन कंपनीची प्लास्टिक फिल्मची स्किन १९५७ साली बाजारात आली आणि पुढे कातडं मागेच पडलं. तेव्हा तुमचा सेट ओलीने नाही, सैल रॉडने उतरला. पाऊस असो नसो, आठवड्यातून एकदा चावी फिरवावीच लागते.

स्नेअरची खरखर कमी होईल, संपणार नाही. टॉमचा सूर स्नेअरच्या सुराजवळ आला की खालच्या तारा त्याच्याबरोबर थरथरतात. टॉम थोडा वर किंवा खाली नेला की पुष्कळ फरक पडतो. उरलेली खरखर भल्या भल्या सेटमध्येही असते, गाण्याबरोबर वाजवताना ती कानाला लागत नाही. किकच्या फोटोत अख्खी गोधडी कोंबलेली दिसतेय, ती काढा. दोन्ही स्किनना जेमतेम टेकेल अशी छोटी उशी पुरे, नाहीतर ठोका मरतो.

झांजांच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्या पितळेच्या आहेत आणि कुठल्याही उपायाने सुधारत नाहीत. चांगल्या झांजा काशाच्या, बऱ्याचदा ८० भाग तांबं आणि २० भाग कथील. वारीतल्या टाळकऱ्याला पितळी टाळ आणि काशाचा टाळ यांतला फरक सांगावा लागत नाही. हे मी तुम्हाला काउंटरवरच सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. सेटमधल्या झांजांची धरलेली किंमत मी पूर्ण वजा करून देतो. ती आधी काशाच्या हाय-हॅटला (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) लावा, क्रॅश आणि राइड या बाकीच्या झांजा मागाहून घेता येतील. ठेका हाय-हॅटवरच चालतो, तीच दिवसभर कानाशी असते.

कुणीतरी तुम्हाला हा सेट विकून लाखाचा घ्या असं सुचवलंय. कृपया आत्ता घेऊ नका. वरच्या पाचही स्किन बदलायला आमच्याकडे दहा हजारांच्या आसपास खर्च येतो, तुमच्याकडून मी फक्त आमची खरेदी किंमत घेईन, मजुरी नाही. एवढं करूनही लेकीला आवाज पटला नाही तर महिनाअखेरपर्यंत सेट बिलाच्या पूर्ण रकमेला परत घेतो. नवा टॉम यायला वेळ लागला तर मुदत तेवढी पुढे.

रविवारी सकाळी अकराला चिंचवडला येऊ का? मी स्वतः येतो, ग्रॅनाइटचा तुकडाही गाडीत घालतो. लेकीला घरी असू द्या. पहिला टॉम मी लावेन, दुसरा तिच्याकडून लावून घेईन. सेटखाली सतरंजी नसेल तर एक जाड बघून ठेवा, किक पुढे सरकत असेल तर तेही तेव्हाच थांबेल. वेळ सोयीची नसेल तर बिलावरच्या नंबरवर कळवा, फोन मीच उचलेन.