प्रतिक्रियेला उत्तर : रिपीटर बोलत असताना त्याला ऐकू किती येते?

रिपीटरची (एका वारंवारतेवर ऐकलेला संदेश त्याच वेळी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या रेडिओ केंद्राची) जुळणी आणि तारजोडणी या विषयावरील माझ्या लेखाखाली आपण नोंदवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सूर थोडा तिखट असला तरी मुद्दे कामाचे आहेत, आणि त्यांपैकी एका ठिकाणी चूक निखालस माझी आहे. त्यामुळे आभाराच्या दोन ओळी लिहून मोकळे होण्याऐवजी सविस्तर उत्तर देत आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. आपण गाडीत बसवायचे दोन जुने मोबाइल रेडिओ संच जोडून २ मीटर पट्ट्यावर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) रिपीटर उभारला आहे. त्याची शक्ती २५ वॅट आहे आणि रिसीव्ह व ट्रान्समिट वारंवारतांत ६०० किलोहर्ट्झचे अंतर आहे. एकाच मास्टवर दोन अँटेना एकीखाली एक, ३ मीटर अंतरावर आहेत आणि रिसीव्हरच्या वाटेवर एक फिल्टर आहे. डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणे आणि ऐकणे वेगळे ठेवणारा फिल्टरांचा संच) नाही, मोजमापाचे उपकरण नाही, आणि तरीही रिपीटर दोन वर्षे चालू आहे. तेव्हा माझा लेख नवख्यांना घाबरवणारा आहे, डिस्क्रिमिनेटरवरून (रिसीव्हरमध्ये एफएम संदेशातून ध्वनी वेगळा काढणाऱ्या टप्प्यावरून) ध्वनी घेण्याचा आग्रह निव्वळ मिरवण्याचा आहे, फॉइलच्या केबलबद्दलचा इशारा अंधश्रद्धा आहे आणि कॅव्हिटींमधल्या (डुप्लेक्सरच्या, स्क्रूने जुळवायच्या धातूच्या फिल्टर-डब्यांमधल्या) जोडकेबलची मी दिलेली लांबी चुकीची आहे, असे आपले चार आक्षेप आहेत.

आधी चुकीबद्दल. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५१.७ सेंटिमीटर भरते, ती मोकळ्या हवेत. केबलच्या आत तरंग हळू चालतो. भरीव पॉलिथिलीनच्या कोॲक्समध्ये वेग साधारण ०.६६ पट असतो, म्हणून केबलची लांबी ३४ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी होती, आणि कनेक्टरचा व टी-जोडाचा आतला भागही त्या ३४ मध्येच मोजायला हवा होता. मी सरळ हवेतला आकडा लिहून टाकला. ही चूक किरकोळ नाही. ३० डेसिबलचे दोन नॉच (एक ठरावीक वारंवारता अडवणारे फिल्टर) पाव तरंगलांबीच्या केबलने जोडले तर मिळून ६० च्याही थोडे वर जातात, पण केबल अर्ध्या तरंगलांबीची झाली तर तेच दोन नॉच जेमतेम ३६ देतात. माझ्या आकड्याने कापलेली केबल या दोहोंच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत राहिली असती आणि वाचणारा बिचारा कॅव्हिटीचे स्क्रू फिरवत बसला असता. आपण स्वतः डुप्लेक्सर वापरत नसूनही हे आपल्या नजरेतून सुटले नाही, याचे कौतुक वाटते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘चालतो’ या शब्दाकडे वळतो, कारण आपला आणि माझा खरा मतभेद तिथेच आहे. साधा संच एका वेळी एक तर बोलतो किंवा ऐकतो. रिपीटरला मात्र बोलता बोलता ऐकावे लागते, आणि तेही आपल्याच आवाजापासून अवघ्या ६०० किलोहर्ट्झवर. २५ वॅट म्हणजे +४४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). चांगल्या रिसीव्हरला ०.२ मायक्रोव्होल्टचा संदेश कळतो, तो म्हणजे सुमारे –१२१ डीबीएम. या दोन आकड्यांत १६५ डेसिबलची दरी आहे. ट्रान्समीटर बंद असताना रिसीव्हर किती तल्लख आहे याला रिपीटरमध्ये फारसा अर्थ नाही, कारण संदेश आला की ट्रान्समीटर सुरू होणारच आणि रिसीव्हरला उरलेले सगळे संभाषण त्या गोंगाटातच ऐकावे लागणार.

हा गोंगाट दोन वाटांनी त्रास देतो. पहिली वाट सगळ्यांना ठाऊक असते. ट्रान्समीटरचा प्रबळ वाहक तरंग रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्यावर आदळतो आणि त्याला बधिर करतो. आपण बसवलेला फिल्टर ही वाट अडवतो आणि ते योग्यच आहे. दुसरी वाट मात्र नजरेतून सुटते. कोणताही ट्रान्समीटर आपल्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना बारीक खरखर फेकत असतो आणि तिच्यातला काही भाग नेमका रिसीव्हरच्या वारंवारतेवर पडतो. ही खरखर आणि दूरच्या मित्राचा संदेश दोन्ही एकाच वारंवारतेवर असल्यामुळे रिसीव्हरच्या बाजूचा कितीही महागडा फिल्टर त्यांना वेगळे करू शकत नाही. ती ट्रान्समीटरमधून बाहेर पडण्यापूर्वीच अडवावी लागते. त्यासाठी ट्रान्समीटर आणि त्याची अँटेना यांच्या मध्ये रिसीव्हरच्या वारंवारतेवर लावलेला नॉच लागतो. डुप्लेक्सरला दोन बाजू असतात त्या याचसाठी. केवळ रिसीव्हरकडे फिल्टर बसवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशातली गत होते. (पखालीचेही थोडे दुखत होते, हे मान्य.)

अंतराने काही भागते का, हेही पाहू. एकीखाली एक लावलेल्या दोन उभ्या अँटेनांमधले पृथक्करण काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे : अंतराला तरंगलांबीने भागून येणाऱ्या संख्येचा लॉगॅरिदम घ्यावा, त्याला ४० ने गुणावे आणि त्यात २८ मिळवावेत. आपल्या ३ मीटरला हे उत्तर ३५ डेसिबलच्या आत-बाहेर येते आणि १० मीटरला साधारण ५५. ६०० किलोहर्ट्झच्या अंतराला आणि २५ वॅटला, संच कोणते आहेत त्यानुसार, ७५ ते ९० डेसिबल लागतात असे धरून चालावे. म्हणजे आपल्या मांडणीत ट्रान्समीटरच्या खरखरीपुरते निदान ४० डेसिबल कमी पडतात. अँटेना शेजारी शेजारी लावून हे अंतर भरून काढता येईल असे कोणाला वाटत असेल, तर १० मीटर उभ्या अंतराने जे साधते त्यासाठी आडवे अंतर १०० मीटर लागते, आणि अँटेना जास्त लाभाच्या असतील तर त्याहूनही अधिक.

तरीही आपला रिपीटर चालतो, कारण जवळच्या माणसांचे संदेश मुळातच इतके दणकट असतात की ३०-४० डेसिबलचा फटका त्यांना जाणवत नाही. फटका बसतो तो काठावरच्या माणसाला. आपण प्रतिक्रियेच्या शेवटी सहज लिहून गेला आहात की, दूरच्या दोन-तीन जणांचा आवाज तुटक येतो, एक-दोन शब्द ऐकू येतात, मग नुसती शेपटी (संदेश तुटल्यावरही ट्रान्समीटर काही क्षण चालू राहतो ती), मग पुन्हा एक-दोन शब्द, आणि हा त्यांच्या हँडीचा (हातातल्या संचाचा) दोष असावा. माझ्या मते ते हँडी निर्दोष आहेत. क्षीण संदेश येतो आणि स्क्वेल्च (संदेश नसताना आवाज बंद ठेवणारे दार) उघडतो. ट्रान्समीटर सुरू होताच रिसीव्हर बहिरा होतो आणि स्क्वेल्च मिटतो. ठरलेली शेपटी संपल्यावर ट्रान्समीटर बंद पडतो, रिसीव्हरला पुन्हा कान फुटतात, पुन्हा तोच संदेश ऐकू येतो आणि हे चक्र चालू राहते. बहिरेपणाचे इतके स्वच्छ लक्षण दुसरे नाही.

उपकरणे नसतील तर हे तपासायचे कसे, हा आपला प्रश्न रास्त आहे आणि मूळ लेखात मी त्याचे उत्तर द्यायला हवे होते. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर यांच्यामधली पीटीटीची (ट्रान्समीटर सुरू करणाऱ्या कळीची) तार सोडवा, म्हणजे ट्रान्समीटर आपोआप सुरू होणार नाही. रिसीव्हरचा स्वतःचा स्पीकर चालू ठेवा. एखाद्या मित्राला कमीत कमी शक्तीवर, इतक्या दूरवरून बोलायला सांगा की त्याच्या आवाजात फसफस स्पष्ट ऐकू यावी. संदेश स्वच्छ असेल तर चाचणी निरुपयोगी आहे, कारण एफएमचा दणकट संदेश सगळी दुखणी झाकून टाकतो. आता त्याचे बोलणे चालू असताना ट्रान्समीटर हाताने सुरू करा. फसफस होती तेवढीच राहिली तर मी माझे शब्द मागे घेतो. ती वाढली किंवा आवाज पार बुडाला, तर ट्रान्समीटरची अँटेना काढून तिथे डमी लोड (प्रक्षेपण न करता शक्ती जिरवणारा रोधक) लावा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. डमी लोडवरही बहिरेपणा राहिला तर गळती पेटीच्या आत आहे : एकेरी जाळीची जोडकेबल, उघडे झाकण, किंवा दोन्ही संचांमधून फिरणाऱ्या वीजपुरवठ्याच्या तारा. डमी लोडवर तो गेला तर गोंगाट अँटेनामार्गे येत आहे.

अँटेनामार्गे येणारा गोंगाट नेहमी ट्रान्समीटरचाच असतो असेही नाही, हे मी स्वतः आठ दिवस वाया घालवून शिकलो. आमचा रिपीटर डमी लोडवर उत्तम ऐकत होता आणि अँटेना लावली की वाऱ्याच्या झुळकीसरशी करकर करत होता. डुप्लेक्सर दोनदा उतरवून पुन्हा जुळवला, तरी फरक पडला नाही. शेवटी एक जण स्पीकरला कान लावून बसला आणि दुसऱ्याने स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने मास्टवरचा एकेक क्लॅम्प ठोकून पाहिला. अँटेनाच्या खालच्या यू-बोल्टवर टकटक केली की स्पीकरमध्ये तशीच करकर उमटायची. बोल्टाच्या आट्यांत तांबूस भुकटी जमली होती. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि ट्रान्समीटरच्या शक्तीतून रुंद पट्ट्यावरची खरखर निर्माण करतो, हे वाचलेले होते, पण ते बोटाला लागल्याशिवाय पटले नव्हते.

फॉइलच्या केबलबद्दल माझा इशारा याच जातीचा आहे. तिचे आवरण ९० डेसिबलहून जास्त गळती रोखते, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि मी ते कधी नाकारले नाही. मुद्दा गळतीचा नाही. ॲल्युमिनियमची फॉइल आणि तिच्यावरची कल्हई केलेल्या तांब्याची जाळी या दोन वेगळ्या धातूंचे हजारो सैल स्पर्शबिंदू वाऱ्याने आणि उन्हाने हलत राहतात. त्याच केबलमधून ट्रान्समीटरची शक्ती वर जात असताना क्षीण संदेश खाली येत असेल, तर त्या स्पर्शबिंदूंची खरखर थेट रिसीव्हरच्या पदरात पडते. आपल्याकडे दोन अँटेनांना दोन वेगळ्या केबल आहेत, त्यामुळे आपल्याला हा त्रास जाणवला नसेल यात नवल नाही. उद्या डुप्लेक्सर लावून एकच अँटेना ठेवाल तेव्हा मात्र अखंड तांब्याच्या नळीसारखे आवरण असलेली हार्डलाइन वापरा, आणि पेटीतल्या छोट्या जोडण्यांना चांदीचा मुलामा असलेली दुहेरी जाळीची केबल घ्या.

ध्वनीच्या बाबतीत आपले निम्मे म्हणणे मला मान्य आहे. स्पीकरवरचा ध्वनी डी-एम्फसिस होऊन (वरचे स्वर दाबून) आलेला असतो आणि मायक्रोफोनची वाट प्री-एम्फसिस करते (तेच स्वर उचलते), त्यामुळे दोन्ही मिळून हिशेब जुळतो आणि आवाज नैसर्गिक येतो. उलट डिस्क्रिमिनेटरवरचा कच्चा ध्वनी मायक्रोफोनच्या वाटेला जोडला तर आवाज पत्र्यासारखा कर्कश होतो. कच्चा ध्वनी थेट मॉड्युलेटरच्या सपाट वाटेलाच द्यावा लागतो आणि स्क्वेल्चचे दारही आपल्याला बांधावे लागते. लेखात मी हे दोन वाक्यांत उरकले, ते पुरेसे नव्हते. पण स्पीकरच्या मार्गाला दोन धोके आहेत. कोणी आवाजाची खुंटी फिरवली की रिपीटरचे डेव्हिएशन (आवाजामुळे वारंवारता किती सरकते ते) बदलते, आणि ३ किलोहर्ट्झ आत तर ३ किलोहर्ट्झ बाहेर हा समतोल बिघडतो. दुसरा धोका संच जाळणारा आहे. बऱ्याच मोबाइल संचांत स्पीकरच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच्या असतात, एकही तार जमिनीची नसते. त्यांपैकी एक तार संचाच्या बॉडीला लागली की ध्वनीचा ॲम्प्लिफायर गेलाच म्हणून समजा. आपला संच वाचला, त्याअर्थी त्याची रचना तशी नसावी.

ट्रान्समीटर सुरू होताना ‘टक’ असा आवाज येतो, असेही आपण लिहिले आहे. दोन्ही संचांची ऋण तार एकच असेल तर कारण तिथे शोधा. २५ वॅटचा संच ६ ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या तारेत तेवढ्या प्रवाहाला ०.२ व्होल्ट पडतात. ध्वनीच्या तारेवर मुळात काही दहा मिलिव्होल्टचाच खेळ चाललेला असताना ही जमीन ०.२ व्होल्टने उचलली गेली, तर टक होणारच. प्रत्येक संचाची ऋण तार स्वतंत्रपणे पुरवठ्याच्या अग्रापर्यंत न्या. तेवढ्याने भागले नाही तर ध्वनीच्या वाटेवर ६०० ओहमचा एकास एक ट्रान्सफॉर्मर बसवा.

आपण डुप्लेक्सर विकत घ्याच, असे मी म्हणणार नाही. आहे त्याच मांडणीत ट्रान्समीटरच्या बाजूला रिसीव्हरच्या वारंवारतेवर लावलेल्या दोन नॉच-कॅव्हिटी, मघाशी दुरुस्त केलेल्या लांबीच्या केबलने जोडून, बसवल्या तर कमी पडणारे डेसिबल बऱ्यापैकी भरून निघतील. त्या जुळवायलाही तीच फसफस पुरेशी आहे : मित्राचा क्षीण संदेश ऐकत, ट्रान्समीटर चालू ठेवून, खरखर कमीत कमी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. या कामात ट्रान्समीटर बराच वेळ सलग चालेल आणि मोबाइल संच त्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून शक्ती निम्म्यावर आणा आणि संचाच्या पाठीवर पंखा सोडा. चाचणीसाठी सोडवलेल्या पीटीटीच्या तारेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळायलाही विसरू नका. माझी तशीच मोकळी राहिलेली तार रात्रभर पेटीच्या पत्र्याला टेकून होती आणि सकाळपर्यंत रिपीटर कोणीही न बोलता अखंड प्रक्षेपण करत होता.