‘मुलांना शिक्षा कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत किशोरवयीन मुलांना रेनेसान्स (युरोपातलं प्रबोधन) काळातली व्यक्तिचित्रं कशी दाखवावीत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘पंधरा मिनिटं एकाच चित्रासमोर उभं करणं ही शिक्षा आहे. आधी फ्लॉरेन्स आणि मेडिची घराणं शिकवा, मग न्या. हौशी लोकांनी दुसऱ्यांच्या मुलांवर प्रयोग करू नयेत,’ असं तुम्ही लिहिलंत. (मेडिची म्हणजे त्या काळी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरावर सत्ता असलेलं घराणं.) मतभेदाचं मला काही नाही. पण ‘हौशी’ कशाच्या जोरावर म्हणालात? या दालनांतून मुलांचे गट फिरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. काही चौकशी न करता असा शिक्का मारणं सभ्यपणाचं नाही, हे स्पष्टच सांगते.

आता ‘शिक्षा’. मुलांना नुसतं उभं करा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लिओनार्दो दा विंचीचं ‘जिनेव्रा दे बेंची’, म्हणजे त्याच नावाच्या तरुणीचं चित्र घ्या. चित्र जेमतेम ३८ बाय ३७ सेंटिमीटरचं, म्हणून एका वेळी सहाच मुलं न्यायची. बारा नेलीत की मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात, हळूच फोन बाहेर येतात आणि मग खरोखरच शिक्षा होते. पहिली तीन मिनिटं बोलायचं नाही, बाजूची पाटी वाचायची नाही. त्यानंतर ‘कसं वाटलं?’ हे मात्र विचारू नका. या वयात चारचौघांत मनातलं सांगायची लाज वाटते, मुलं ‘छान’ म्हणून मोकळी होतात. ‘हिच्या अंगावर दागिना कुठे आहे?’ असं विचारा. सगळी पुढे वाकतात. गळ्याशी पातळ वस्त्र जुळतं तिथे एक बारीकसा सोनेरी ठिपका, बस्स. श्रीमंत घरची मुलगी, १४७४ साली सोळाव्या वर्षी लग्न झालेली, मग दागिने का नाहीत? हा प्रश्न मुलंच विचारतात, कारण ती जवळपास त्यांच्याच वयाची आहे.

मग चित्राच्या मागे जायचं. ते मांडलंच असं आहे की दोन्ही बाजू दिसतात. मागे लॉरेल आणि पामच्या फांद्यांची माळ, मध्ये ज्युनिपरची डहाळी. पेन्सिलीने ती माळ वहीत काढायला सांगा आणि खाली जिथे तुटते तिथून पुढे पूर्ण करायला लावा. कागद खाली पुरत नाही तेव्हा कळतं की चित्र ज्या लाकडी फळीवर आहे तिचा खालचा भाग कापला गेलाय. म्हणजे पुढच्या बाजूचंही काहीतरी गेलं. काय गेलं असेल? इथे इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहातल्या, लिओनार्दोने रेखाटलेल्या हातांची प्रत दाखवायची. ते रेखाटन याच चित्रासाठी असावं असं बरेच अभ्यासक मानतात. ही प्रत आधी दाखवलीत तर सगळा शोध वाया जातो. लॉरेल आणि पाम ही व्हेनिसचा फ्लॉरेन्समधला राजदूत बेर्नार्दो बेंबो याची खूण, त्यामुळे फ्लॉरेन्सचं राजकारण इथून आपसूक सुरू होतं. यातली कोणती पायरी शिक्षेची आहे, ते तुम्हीच सांगा.

‘आधी मेडिची शिकवा’ हेही मला पटत नाही. त्याच गॅलरीत बोत्तिचेल्लीने काढलेला जुलियानो दे मेडिची आहे. खाली झुकलेल्या पापण्या, वाळक्या फांदीवर होला, मागे अर्धवट उघडी खिडकी. आधी हे बघू द्या, मग सांगा की १४७८च्या एप्रिलमध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा खून झाला. मुलं पुन्हा वळून त्या पापण्यांकडे बघतात. खून आधी सांगितलात तर चित्राकडे कुणी बघतच नाही, पुढचा प्रश्न ‘कुणी मारलं?’ एवढाच येतो.

शनिवारी दुपारी गर्दीत हे जमत नाही, हा तुमचा मुद्दा मान्य. सकाळी दहाला दार उघडताच जावं. तिकीट नाही, त्यामुळे एका फेरीत दोनच चित्रं बघून परतलं तरी काही बुडत नाही.

लेख लांब आहे, नावं जड आहेत, वगैरे बाकीच्या तक्रारींना उत्तर देत बसत नाही. ज्यांना मुलांना न्यायचंय त्यांना ती नावं लागतातच. आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानिशी लिहा, म्हणजे बोलणं बरोबरीचं होईल.